वादळवालीचा डावा गाल

७ जून

खडू,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. आज नुसता राग पाठवते आहे, तो घे. फोन करणार होते, पण मी ओरडायला लागले की तू रिसीव्हर टेबलावर ठेवून चहा प्यायला जातोस, हे मला माहीत आहे. पत्र तरी वाचावं लागेल.

भिंगरीच्या शाळेत पोहण्याचा तास सुरू झाला. पोरगी आठवडाभर घरात फरशीवर पालथी पडून हातपाय मारत होती. पहिल्याच दिवशी पोहण्याच्या सरांनी तिला काठावरच्या बाकावर बसवलं आणि सगळ्या वर्गाचे टॉवेल तिच्या मांडीवर ठेवले. का? तर "काही पालकांचं म्हणणं आहे." काय म्हणणं आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या मुलीच्या गालावर, गळ्यावर, हातांवर कोड आहे आणि ते म्हणे पाण्यातून त्यांच्या राजपुत्रांना लागेल!

मी कामावरून तशीच शाळेत गेले, अंगावर एप्रन, हाताला कवळ्यांचं प्लास्टर. मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि इतक्या गोड आवाजात बोलल्या की क्षणभर मलाच वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. "डॉक्टरांचा दाखला आणलात तरी लोकांच्या मनातली भीती कशी घालवायची? शेवटी आपल्याला मुलीचंच भलं बघायचंय ना?" कोड कोणाला लागत नाही, हे शाळा चालवणाऱ्या बाईला दातांच्या लॅबमधल्या बाईने सांगायचं! तुझे भावोजी म्हणतात, शाळेशी वाकडं नको, पोरीला अजून तिथेच शिकायचंय.

घरी आल्यावर भिंगरीने विचारलं, "आई, मामाचा उडता शिपाई आमच्या शाळेत येऊ शकतो का?" तुझी चित्रकथा ती दर आठवड्याला पाठ करते, तुला माहीत आहे. येत असेल तर पाठव बाबा. लाल चड्डीवर आला तरी चालेल.

ताई

१४ जून

ताई,

चहा प्यायला गेलो नाही. पत्र वाचून थेट संपादकांच्या खोलीत गेलो, दार न वाजवता.

उडता शिपाई येणार नाही. तो गुळगुळीत गालांचा आहे, त्याला काय कळणार टॉवेल धरून बसणं म्हणजे काय! मी नवी सुपरहिरो काढतो आहे. बाई आहे. नाव वादळवाली. शिट्टी वाजवली की वारा तिच्या मागे धावत येतो. आणि तिच्या डाव्या गालावर, गळ्यावर, दोन्ही हातांवर पांढरे डाग आहेत. अंधार पडला की ते डाग चमकतात आणि त्यातून तिची शक्ती येते. गाव तिला आधी हाकलतं, मग गावावर संकट येतं, ती गाव वाचवते आणि सगळे तिची माफी मागून टाळ्या वाजवतात.

संपादक आधी चुळबुळले. मी म्हटलं, साहेब, उपदेशाचं पान मुलं ओलांडून जातात. पण सुपरहिरो ज्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याच्या खांद्यावर मुलंही हात ठेवतात. उडत्या शिपायाने एकदा एका तोतऱ्या मुलाला दोस्त केलं, तेव्हा पोतंभर पत्रं आली होती. 'आमच्या वर्गातला तोतरा आता आमचा कॅप्टन आहे' असंही एकात होतं. ते पत्र त्यांनीच टेबलाच्या काचेखाली लावलंय. मी त्यावर बोट ठेवलं. हो म्हणाले.

सोबत पहिली स्केचेस आहेत. भिंगरीला दे. म्हणावं, मामाने तुझी बाजू घेतली.

खडू

२५ जून

खडू,

घेतलीस बाजू! चांगलीच घेतलीस.

चित्रं बघून भिंगरी नाचली. तोंड माझ्या मुलीचं, डाग माझ्या मुलीचे, जिथल्या तिथे. मला विचारायची गरज वाटली नाही तुला? असो, ते नंतर. तिने ती चित्रं शाळेत नेली. वर्गात सांगितलं, ही मीच आहे, माझेही डाग अंधारात चमकतात. मग चार-पाच कार्ट्यांनी तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडलं, दिवा घालवला आणि बाहेरून ओरडत राहिले, "चमकली का? चमकली का?" शाळेच्या शिपायाने दार उघडलं तेव्हा ती चेंडूंच्या जाळीमागे बसली होती.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? तीही आत बसून स्वतःच्या हातांकडेच बघत होती. "आई, मी खूप जोर लावला," म्हणाली.

माझ्या मुलीचे डाग चमकत नाहीत, खडू. ते काहीही करत नाहीत. तुला वाटलं, त्यात जादू भरली की लोक तिला जवळ घेतील. म्हणजे जग वाचवल्याशिवाय तिला पाण्यात उतरायची परवानगी नाही? बाकीच्या पोरांनी आजवर काय वाचवलंय? त्यांना स्वतःचा डबा सांभाळता येत नाही! त्यांनी नाही गाव वाचवायचं, नुसतं यायचं आणि धप्पकन उडी मारायची. माझ्या पोरीने मात्र आधी राक्षस मारायचा, मग हात जोडून विचारायचं, आता उतरू का?

आणि ती शेवटची माफी, त्या टाळ्या! टाळ्या वाजवणाऱ्यांचं बरं असतं, त्यांना काही भरून द्यावं लागत नाही.

काढायचीच असेल तर अशी काढ की तिला कोड आहे आणि कोणी त्यावर एक शब्द बोलत नाही. कोणाच्या गालावर तीळ असतो, कोणाचं नाक फताडं असतं, तुझं आहे तसं. तसं. जमत नसेल तर पुन्हा लाल चड्ड्या रंगव.

ताई

९ जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस पेन्सिल धरली नाही. ती पोरं माझ्या हाताला लागली असती तर! पण त्यांना तो खेळ मीच शिकवला, हे तू लिहिलं नाहीस तरी मला वाचता आलं.

जुनी पानं फाडली. संपादकांसमोरच फाडली, त्यांना वाटलं राजीनामा आहे. आताची वादळवाली ऐक. शिट्टीची शक्ती तिला आजीकडून मिळाली आहे, गालाचा काही संबंध नाही. ती तापट आहे, कोणी मध्येच बोललं तर ओरडते, रांगेत घुसणाऱ्याला वाऱ्याने उचलून शेवटी नेऊन ठेवते. (हा स्वभाव कुठून घेतला ते विचारू नकोस.) गावात सगळे तिला ओळखतात, तिच्याकडे उधार चहा पितात. डागांबद्दल अख्ख्या गोष्टीत एक अक्षर नाही. आमच्याकडे फुग्यांत संवाद लिहिणारा आहे, त्याने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती, 'डाग असले तरी मन निर्मळ!' मी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. त्याला म्हटलं, असले तरी म्हणजे काय? माझं नाक फताडं असलं तरी मन निर्मळ, असं म्हणशील का मला? तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

इतकंच नाही. छापखान्यात रीत आहे की चित्रात जिथे कागद पांढरा सोडायचा, तिथे वरच्या झिरझिरीत कागदावर निळ्या पेन्सिलीने लिहायचं, 'कोरं ठेवा'. ढगांवर लिहिलं. दातांवर लिहिलं. तिच्या गालावर लिहायला हात धजेना. तू म्हणालीस ना, एक शब्द नको. मग तिथेही नको.

भिंगरीचा आताचा एक फोटो पाठव. पुढच्या भागासाठी डाग नेमके बघायचेत. आणि शाळेत आता कसं आहे?

खडू

२१ जुलै

खडू,

आता आशीर्वाद. भांडून का होईना, नीट केलंस. रांगेत घुसणाऱ्याला उचलून नेण्याची कल्पना मला पसंत आहे, बँकेत फार उपयोगी पडेल.

शाळेत बरं चाललंय. पोरं त्रास देत नाहीत. कसं जमलं ते लांबड आहे, पण जमलं. भिंगरी जरा गप्प असते, वाढीचं वय, होतं असं. फोटो सध्या नाही, कॅमेरा बिघडलाय. कामही खूप आहे. एका म्हातारबुवांना त्यांच्या उरलेल्या एकाच दाताच्या रंगाची कवळी हवी आहे आणि तो रंग जगातल्या कुठल्याच रंगपट्टीवर नाही. शेवटी जुळवलाच मी रंग. आता खरा कुठला आणि खोटा कुठला, ते त्यांनाही सांगता येत नाही.

अंक कधी येतो? भिंगरी रोज पोस्टमनला विचारते.

ताई

१८ ऑगस्ट

ताई,

अंक आला असेल तर भिंगरीला दाखवू नकोस. उघडू नकोस. जाळून टाक.

गाल भरलाय! वादळवालीचा डावा गाल, गळा, हात, सगळं भरलंय. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखा, छान, गुळगुळीत रंग. अंक हातात घेतला आणि माझ्या कानात शिट्ट्या वाजल्या. संपादकांच्या खोलीत जाऊन मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. भेकड म्हणालो, पाठीत सुरा खुपसलात म्हणालो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो चित्रकार, ते मी केलंय."

आमचे वस्ताद. छपाईच्या आधी रंगांच्या फिल्म भिंगातून तपासणारे. जिथे रंग उडालेला असतो तिथे बारीक ब्रशने भरतात, जन्मभर तेच केलंय. हसत म्हणाले, "तुमच्या बाईचा गाल उडाला होता. हातावरही ठिपके. निळ्याने काही लिहिलेलं नव्हतं, म्हणजे फिल्मचाच दोष. एक पान सोडलं नाही मी, सगळं भरून काढलं." आणि शाबासकीसाठी उभे राहिले. तोंडभर हसू.

मी त्यांना थँक्यू म्हणालो, ताई. माझ्या तोंडातून थँक्यू गेलं.

इथपर्यंत चूक होती. चुकीवर रागवून काय करायचं, आणि त्यात निम्मी माझी. खरा संताप पुढे आहे. मी म्हटलं, पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. संपादक म्हणाले, "काय छापू? आमच्या नायिकेला कोड आहे, असं चौकटीत? कोणत्या घरात येईल मग अंक? छापून गेलं ते गेलं. खरं सांगू, झालं ते बरंच झालं. किती सुरेख दिसते आता ती." ज्यांनी तोतऱ्या मुलाचं पत्र काचेखाली लावलंय, ते हे म्हणाले. तोतरेपणा चित्रात दिसत नाही, हेच त्यांना आवडलं असणार.

खडू

२७ ऑगस्ट

खडू,

उशीर झाला. पोस्टमनने अंक थेट भिंगरीच्या हातात दिला. ती सगळा वाचून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ही बरी झाली का?"

काय सांगू तिला? बरी झाली म्हणजे आधी आजारी होती? मी म्हटलं, छापखान्याची चूक आहे. ती अंक घेऊन आत गेली.

तुझ्यावर रागवायचं तर आहेच. ढगावर लिहिता येतं आणि गालावर लिहायला हात धजत नाही? मी म्हटलं होतं गोष्टीत कोणी बोलू नये. छापखान्याला सांगू नकोस असं कधी म्हटलं? पण तुझं राहू दे. त्या संपादकाला माझं नाव सांग आणि विचार, आमच्या मुलीला पुसून टाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? सुरेख दिसते म्हणे! ज्याला दुसऱ्याच्या पोरीचा चेहरा स्वतःच्या सोयीसाठी भरून काढायचाय, त्याने आधी स्वतःच्या तोंडाला काय फासलंय ते आरशात बघावं. लाज नाही वाटत माणसांना!

दुरुस्ती छापल्याशिवाय एक रेघ काढून देऊ नकोस. तू नमलास तर या घरात पाऊल ठेवू नकोस.

ताई

३१ ऑगस्ट

मामा,

मी भिंगरी. हे पत्र मी एकटी लिहितेय. स्टॅम्प बाबांच्या खणातला आहे.

आई म्हणाली, वस्ताद आजोबांनी चुकून रंग भरला. त्यांना सांग, मी रागावले नाही. आई पण भरते. आईने कामावरच्या रंगांसारखी क्रीम मिसळून एका डबीत माझा रंग बनवलाय. अगदी माझाच आहे. रोज सकाळी शाळेच्या आधी ती गाल, गळा आणि हात भरते आणि मला खिडकीपाशी उभं करून बघते. मग म्हणते, आता कोणी काही बोलणार नाही. खरंच कोणी बोलत नाही. नवीन बाईंना तर माहीतच नाही.

पण पाण्यात गेलं की तो रंग निघतो. म्हणून आईने सरांना चिठ्ठी दिलीय, माझा कान दुखतो. माझा कान दुखत नाही. आधी सर मला बाकावर बसवायचे, आता आई बसवते. टॉवेल अजून माझ्याकडेच असतात.

मी आईचं मेण कोरायचं छोटं हत्यार घेऊन वादळवालीच्या गालावरचा रंग खरवडला. हळू खरवडलं तर कागद फाटत नाही, खाली पांढरंच असतं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने पण तिच्या अंकातला खरवडला. तिचा थोडा फाटला.

मला आईला सांगायची भीती वाटते, कारण ती रंग भरताना कधी कधी रडते. तू सांग. हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

मामा, वादळवाली पोहते का?

भिंगरी

६ सप्टेंबर

ताई,

भिंगरीचं पत्र सोबत आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? तुझी सगळी पत्रं मी टेबलावर मांडून बसलोय. 'पोरं त्रास देत नाहीत, कसं जमलं ते लांबड आहे.' 'कॅमेरा बिघडलाय.' आणि नंतर माझ्या संपादकाला आरसा दाखवायला निघालीस! वस्तादांना माहीत नव्हतं, ताई. तुला माहीत होतं. याहून जास्त लिहिलं तर नंतर पस्तावेन, म्हणून इथेच थांबतो.

माझ्याकडची बातमी. वस्तादांना मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंग पुसून ठेवलं. मग म्हणाले, पुढची फिल्म माझ्या हाताखालून जाईल तेव्हा कोणी ब्रश लावून दाखवावा. पण संपादकांचा निरोप आलाय. गाल भरून द्या, नाहीतर वादळवाली बंद. नव्या भागाची पानं टेबलावर तयार आहेत. त्यात ती पोहते. मी अजून दिलेली नाहीत. तू म्हणालीस, नमलास तर पाऊल ठेवू नकोस. तू सांग, आता कोणी कोणाच्या घरी पाऊल ठेवायचं नाही?

खडू

१५ सप्टेंबर

खडू,

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. पोर नाही, बाळ नाही, निघाला शहाणपण शिकवायला. असं चार वेळा मोठ्याने म्हटलं. मग भिंगरीचं पत्र पुन्हा वाचलं.

हो, भरत होते मी. त्या खोलीतून तिला बाहेर काढल्यावर दुसऱ्याच दिवशी डबी केली. रंग इतका जुळला होता, खडू, इतका जुळला होता की मला अभिमान वाटला. शाळेतून रडत यायची बंद झाली, मला वाटलं मी जिंकले. दिवसभर लोकांच्या तोंडातली भगदाडं बुजवते, तिलाही बुजवत बसले. त्या गोड बाई, ते सर, ते पालक, कोणाला काही करावंच लागलं नाही. त्यांचं काम मी घरीच करून पाठवत होते, रोज, न चुकता. याचा मला जितका संताप येतो तितका तुझ्या संपादकाचा येत नाही.

पत्राबद्दल मी भिंगरीला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबी तिच्या हातात दिली. म्हटलं, हा तुझा रंग आहे, तू ठरव. तिने दप्तर उचललं, डबी टेबलावर ठेवली आणि तशीच गेली.

दुपारी लॅबमध्ये शाळेचा फोन. मुलगी पाण्यात उतरली आहे आणि बाहेर येत नाही. मी पोचले तेव्हा सर शिट्टी फुंकून लालबुंद झाले होते. पोरं एका कोपऱ्यात, माझी मुलगी दुसऱ्या कोपऱ्यात, दोन्ही हातांनी दांडा धरून. मला बघून घाबरली. तिला वाटलं, मी न्यायला आले. मला बघून माझी मुलगी घाबरली, खडू.

सर म्हणाले, "तुम्हीच सांगा तिला, माझं ऐकत नाही." मी म्हटलं, कानाची चिठ्ठी खोटी होती, ती परत द्या. मग चपला काढल्या, काठावर बसले आणि पाय पाण्यात सोडले. म्हटलं, तास संपला की ती येईल. तोवर ज्याला कोणाला तिच्याबरोबर पाण्यात राहायचं नसेल, त्याने बाहेर यावं. त्याचा टॉवेल मी धरते.

काही पोरं आली बाहेर. मी एकेकाला नीट टॉवेल दिला. तिच्या बाकावरची मैत्रीण आली नाही, आणखी दोघं-तिघं आली नाहीत. भिंगरीने दांडा सोडला. फार काही पोहता येत नाही तिला, फरशीवर शिकलेली. दोनदा बुडाली, नाकात पाणी गेलं, खोकत वर आली. तिथे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मला त्या नकोच होत्या.

उद्या मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलंय. तुझे भावोजी दोन दिवस बोलत नव्हते. आज सकाळी विचारलं, किती वाजता जायचंय, मीही येतो. डबी भिंगरीने संपवली. त्यातल्या रंगाने तिने तुझ्या उडत्या शिपायाची लाल चड्डी रंगवली. आता तो नागडा उडतो.

वादळवाली बंद पडली तर पडू दे, पण गाल भरून देऊ नकोस. दुसरा कोणी छापेल, नाहीतर कोणीच छापणार नाही. आणि त्या पानांवर, प्रत्येक गालावर, प्रत्येक हातावर निळ्या पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिही, 'कोरं ठेवा'.

पुन्हा हात धजत नसेल तर पानं इकडे पाठव. मी लिहीन.

ताई